माशांच्या मसलचा तोळा-मासा हिशेब

मंगरूळपीर म्हटलं की काय आठवतं? दादा हयात कलंदरांचा दर्गा, बिरबलनाथ महाराजांची यात्रा, सोयाबीन, तूर आणि डोकं फिरवणारं ऊन. समुद्र? तो राहिला शेकडो किलोमीटर लांब. पण मासे? आहेत ना राजेहो! मोतसावंग्याच्या धरणात आहेत, पाझर तलावांत आहेत, झालंच तर शेजारच्या काकांच्या शेततळ्यातही आहेत.

आता एक सवाल. एकाच तलावात बोटाएवढा रोहू आणि हातभर रोहू. दोघांत फास्ट कोण? ‘मोठा!’ म्हणालात तर बरोबर. ‘छोटा!’ म्हणालात तरी बरोबर. कसं काय? चला, गळ टाकलाय. आता तुम्ही अडका!

वेग मोजायची पट्टीच वेगळी

माहीत आहे का? माशांचा वेग मोजायला शास्त्रज्ञ ताशी किलोमीटर बाजूला ठेवतात आणि विचारतात, ‘सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या किती पट गेला?’ याला म्हणायचं ‘बॉडी लेंथ पर सेकंद’. १९५८ मध्ये केंब्रिजच्या रिचर्ड बेनब्रिज यांनी यासाठी चक्क माशांची ट्रेडमिल बनवली. गोल फिरणारं कडं, त्यात पाणी, पाण्यात मासा. मासा पुढे पोहतो, कडं उलटं फिरतं, मासा कॅमेऱ्यासमोरून हलत नाही. जिमची फी शून्य!

त्यांचा ढोबळ निष्कर्ष असा की छोटा मासा जीव खाऊन पळाला, तर सेकंदाला आपल्या लांबीच्या दहापट अंतर सहज कापतो.

बोल्टभाऊ, जरा बाजूला व्हा

दहापट म्हणजे किती, माहीत आहे का? उसेन बोल्टची उंची १.९५ मीटर. २००९ मध्ये बर्लिनला त्याने १०० मीटर ९.५८ सेकंदांत मारले. म्हणजे सेकंदाला स्वतःच्या उंचीच्या साडेपाचपटीलाही जरा कमीच. बोल्ट जर माशाच्या हिशेबाने धावला असता, तर ही शर्यत पाच-सव्वापाच सेकंदांत आटोपली असती. टीव्हीवाल्यांना जाहिरात दाखवायलाही वेळ मिळाला नसता!

सगळा खेळ शेपटीचा

शेपटीच्या एका पूर्ण फटक्यात मासा साधारण आपल्या लांबीच्या ०.६ ते ०.८ पट पुढे सरकतो. हे प्रमाण छोट्या-मोठ्यांत फारसं बदलत नाही. मग फरक पडतो कशात? सेकंदाला किती फटके मारता येतात, त्यात!

ॲबर्डीनच्या क्लेम वॉर्डल यांनी १९७५ मध्ये हे कोडं सोडवलं. शेपूट डावीकडे नेणारा स्नायू आकसला, मग उजवीकडचा आकसला, की झाला एक फटका. स्नायूला आकसायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुपटीहून कमी वेळात फटका पूर्ण होणं शक्यच नाही. आणि मासा जितका लांब, तितका त्याच्या स्नायूला आकसायला वेळ जास्त.

आता पाटी-पेन्सिल घ्या. समजा, एका चिमुकल्या माशाचा स्नायू सेकंदाच्या पन्नासाव्या भागात आकसतो. दोन्ही बाजू धरून सेकंदाला २५ फटके. एका फटक्यात ०.७ लांबी, म्हणजे सेकंदाला साडेसतरा लांब्या! मासा १० सेंटिमीटरचा असेल तर वेग ताशी सहा किलोमीटरच्या वर. आपल्या तरातरा चालण्याएवढा. तेही बोटाएवढ्या जिवाला, आणि पाण्यात.

मोठ्या माशाचे फटके कमी, पण एकेक फटका लांबलचक. म्हणून किलोमीटरच्या शर्यतीत मोठा जिंकतो आणि लांबीच्या शर्यतीत छोटा. ट्रॉफ्या दोन, भांडण मिटलं!

कॉडचा स्नायू काढून बघितला

‘ही झाली पोहण्याची गोष्ट. नुसत्या स्नायूतही हा फरक दिसतो का?’ शाब्बास, असा प्रश्न पडायलाच हवा! जॉन आल्ट्रिंगहॅम आणि इयन जॉन्स्टन यांनी १९९० मध्ये हेच तपासलं. कॉड मासे घेतले, साधारण १३ सेंटिमीटरपासून ६७ सेंटिमीटरपर्यंतचे. त्यांच्या वेगवान स्नायूचे तंतू वेगळे काढून यंत्रावर लावले आणि आकसायला-सैलावायला लावले.

छोट्या कॉडचे तंतू सर्वांत जास्त पॉवर देत होते सेकंदाला सुमारे साडेबारा आवर्तनांवर. मोठ्या कॉडचे? फक्त पाचावर! मासा तोच, स्नायू तोच, पण वाढत्या अंगासोबत त्याचा ठेकाच संथ झालेला. लहानपणी द्रुत, मोठेपणी विलंबित.

गॅलिलिओ मासे विकत घेतो तेव्हा

लांबी दुप्पट झाली की वजन किती होतं, माहीत आहे का? दुप्पट? चूक. आठपट! अंगाची ठेवण तीच राहिली, तर फूटभराचा रोहू तीनशे ग्रॅम भरला असता दोन फुटांचा रोहू तब्बल चोवीसशे ग्रॅम भरेल. स्नायूची ताकद मात्र ठरते त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदावर. ती वाढते फक्त चौपट. वजन आठपट, ताकद चौपट. हा तोट्याचा सौदा गॅलिलिओने १६३८ मध्येच लिहून ठेवला होता. म्हणूनच हत्ती उड्या मारत नाही.

मग मोठा मासा बुडत कसा नाही? कारण त्याचं वजन पाणी पेलतं, शिवाय पोटात हवेची पिशवी असते. त्याला झगडायचं असतं ते पाण्याच्या विरोधाशी. हा विरोध अंगाच्या पृष्ठभागावर अवलंबून, म्हणजे तोही साधारण चौपटच. ताकद चौपट, विरोध चौपट. हिशेब चुकता! नोबेलविजेते ए. व्ही. हिल यांनी १९५० मध्ये प्राण्यांच्या आकाराचा आणि स्नायूंचा असाच मेळ घालून दाखवला होता.

पाणी की काकवी?

अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं मत्स्यजिरं चार-पाच मिलिमीटरचं असतं. एवढ्याशा जिवाला पाणी काकवीसारखं घट्ट लागतं! शेपूट थांबली की हे साहेब जागीच उभे. सरकत पुढे जाण्याची ऐश मोठ्यांसाठी राखीव. म्हणून जिरं सारखं वळवळतं. आळशीपणा परवडायला आधी अंग वाढावं लागतं, राजेहो!

बाजारातली काळी पट्टी

आता मासळीबाजारात चला. रोहूचा तुकडा हातात घ्या आणि कातडी जरा सोलून बघा. अंगाच्या मधोमध, कातडीला चिकटून, शेपटीपर्यंत गेलेली एक गडद तपकिरी-लाल पट्टी दिसेल. बरेच जण म्हणतात, ‘भाऊ, तेवढं काळं काढून टाका ना.’ थांबा! ती घाण नाही. तो लाल स्नायू आहे, माशाचं मॅरेथॉन इंजिन. ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिनमुळे तो लाल. संथ चाल, दिवसभर ड्यूटी, थकवा नाही.

उरलेला पांढराशुभ्र भाग? तो पांढरा स्नायू. बहुतेक माशांच्या अंगाचं जवळपास निम्मं वजन याचंच. एरवी आराम, पण बगळ्याची सावली पडली की धडाम! थोडक्यात काय, आपण रश्श्यात जे आवडीनं खातो, ते माशाचं इमर्जन्सी खातं असतं.

सिक्स-पॅक? इथे डब्ल्यू-पॅक!

शिजलेल्या माशाचे पापुद्रे सुटतात, बोकडाच्या मटणाचे धागे निघतात. असं का, माहीत आहे का? माशाचा स्नायू एकामागून एक लावलेल्या कप्प्यांचा असतो. कडेने पाहिलं तर प्रत्येक कप्पा आडव्या इंग्रजी ‘डब्ल्यू’सारखा मुडपलेला. कप्प्यांमध्ये कोलॅजेनचे पातळ पडदे. रस्सा उकळला की पडदे विरघळतात आणि कप्पे सुटे होतात. पुढच्या वेळी पापुद्रा उचलाल, तेव्हा लक्षात ठेवा, हा एक अख्खा मसल आहे!

उधारीवर धावणारा पहिलवान

पांढरा स्नायू धावतो ऑक्सिजनविना, साठवलेल्या साखरेवर. मागे उरतं लॅक्टेट, आणि त्याचा निपटारा व्हायला पुढे कित्येक तास लागतात. गळाला लागलेला मोठा मासा आधी तुफान झुंजतो आणि मग एकदम लुळा पडतो, तो यामुळेच.

गंमत पुढेच आहे. प्राणी मोठा झाला की किलोमागे त्याच्या पेशींचा कारभार मंदावतो, हा जीवशास्त्राचा जुना नियम. जॉर्ज सोमेरो आणि जेम्स चिल्ड्रेस यांनी १९८० मध्ये माशांचा पांढरा स्नायू तपासला, तर ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा नियमाप्रमाणे मंदावलेली होती. ऑक्सिजनविना ऊर्जा देणारी विकरं मात्र मोठ्या माशांत किलोमागे वाढलेली! कारण सोपं आहे. मोठं अंग झटक्यात पळवायचं तर दारूगोळाही जादा लागतो. नियम मोडायचा तर असा मोडावा.

मंगरूळच्या उन्हात मासे चपळ की मलूल?

बहुतेक माशांचं रक्त पाण्याच्या तापमानाचं. पाणी दहा अंशांनी तापलं की स्नायूला आकसायला लागणारा वेळ साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे आपल्याकडच्या वैशाखात मासा सुपरफास्ट व्हायला हवा. होतो का?

इथेच तर ट्विस्ट! २० अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. इंजिन तापून तयार, पण हवा कमी. त्यात रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पतीही ऑक्सिजन ओढतात. म्हणून उन्हाळ्यात भल्या पहाटे शेततळ्यावर गेलात, तर मासे तोंड वर काढून पाण्याच्या पृष्ठभागावर गचके घेताना दिसतात. तसं दिसलं की खाद्य बंद आणि पंप चालू. फोटो नंतर काढा!

सेलफिशचा फुगा फुटला

‘जगातला सर्वांत वेगवान मासा कोण?’ क्विझवाले म्हणणार सेलफिश, ताशी ११० किलोमीटर. हा आकडा आला कुठून, माहीत आहे का? फ्लोरिडातल्या एका जुन्या फिशिंग कॅम्पवरून. गळाला लागलेल्या सेलफिशने ३ सेकंदांत १०० यार्ड दोर ओढला म्हणे. झाला विश्वविक्रम!

२०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी सेलफिशच्या स्नायूचा आकसण्याचा वेळ मोजला आणि त्याला एका फटक्यातल्या अंतराची जोड दिली. उत्तर आलं सेकंदाला ८.३ मीटर, म्हणजे ताशी साधारण ३० किलोमीटर. या हिशेबाने शंभर मीटरच्या शर्यतीत बोल्ट सेलफिशला मागे टाकतो. अट एकच, बोल्टने पाण्यात उतरायचं नाही.

कुपा : पाण्यातला गरम मिजाशी

कोकणातला कुपा आठवतोय? ट्यूना खानदानातला. या खानदानाचा लाल स्नायू कातडीखाली नसतो, तो आत कण्याजवळ असतो. आणि तिथली उष्णता बाहेर जाऊच नये म्हणून रक्तवाहिन्यांचं खास जाळं. मोठ्या ब्लूफिन ट्यूनाचा स्नायू भोवतालच्या पाण्यापेक्षा दहा अंशांहूनही गरम राहू शकतो. इथे मोठं अंग चांगलंच कामी येतं, कारण मोठं अंग लवकर गार होत नाही. साइज मॅटर्स, बॉस!

चंदेऱ्याची हाय जंप

आपल्याकडे कतला, रोहू, मृगळ यांच्यासोबत चंदेऱ्या, गवत्या आणि सायप्रिनसही तळ्यात सोडतात. यातला चंदेऱ्या, म्हणजे सिल्व्हर कार्प, अमेरिकेत गेला आणि डॉन झाला. मोटारबोटीचा आवाज आला की हा पठ्ठ्या पाण्याबाहेर पार तीन मीटरपर्यंत उसळतो आणि बोटीतल्या माणसांना धडकतो. इलिनॉयमधल्या बाथ गावात तर त्याला हवेतच जाळीत झेलायची स्पर्धा भरते. कॅच घ्यायला हेल्मेट कंपल्सरी असावं!

मूर्ती लहान, आवाज महान

डॅनिओनेला सेरेब्रम. नाव मोठं, लक्षण त्याहून मोठं! म्यानमारचा हा पारदर्शक मासा जेमतेम १२ मिलिमीटरचा. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याचा आवाज अगदी जवळून, पाण्यात मोजला तर १४० डेसिबलच्या वर जातो. कसा? एक खास स्नायू छोट्या कूर्चेला ताणतो आणि सोडतो, की ती हवेच्या पिशवीवर आपटते. गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजारपटींहून जास्त त्वरणाने! ही करामत फक्त नरांना जमते. डीजे बंदीचा नियम यांना लागू नाही.

मसलची झाली बॅटरी

इलेक्ट्रिक ईल पोहतो पोटाखालचा लांबलचक पर हलवत आणि शॉक देतो ‘निवृत्त’ स्नायूंनी! त्याच्या वीजपेशी मुळात स्नायूपेशींपासूनच घडलेल्या. एकीचं व्होल्टेज अगदीच किरकोळ, पण हजारोंची रांग लागली की कडाड! रांग जितकी लांब, तितकं व्होल्टेज जास्त. म्हणून इथेही लांबीला किंमत. २०१९ मध्ये नव्याने वर्णन झालेल्या ‘इलेक्ट्रोफोरस व्होल्टाय’ने ८६० व्होल्टची नोंद केली. घरातला बोर्ड २३० चा. लोडशेडिंगवाल्यांनो, भलते विचार नकोत!

रॅपिड फायर!

👉 माणसाच्या स्नायूतंतूंची संख्या जन्मानंतर फारशी वाढत नाही, असलेलेच तंतू जाड होतात. मोठे होणारे मासे मात्र जन्मानंतरही बराच काळ नवे तंतूही घालत राहतात. म्हणूनच रोहूची नोंद ४५ किलोंपर्यंत आणि कतल्याची ३८ किलोंच्या वर गेलेली आहे.

👉 हाडांचा सांगाडा असलेल्या माशांत सर्वांत वजनदार कोण, माहीत आहे का? २०२१ मध्ये अझोर्स बेटांजवळ मृत सापडलेला सनफिश, २,७४४ किलो! शेपूट जवळपास नाहीच. वरचा आणि खालचा पर हलवत चाल ताशी जेमतेम दीड-अडीच किलोमीटर. वरातीत शोभेल असा.

👉 ग्रीनलंड शार्क त्याहून निवांत. थंडगार पाणी, अवाढव्य अंग, शेपटीचा एक फटका सुमारे सात सेकंदांत. घाई कसली? वय शतकांत मोजायचं.

👉 सेलफिशच्या डोळ्याजवळचा एक स्नायू आकसायचं कामच विसरलाय. तो फक्त हीटर म्हणून चालतो, डोळा आणि मेंदू ऊबदार ठेवायला.

👉 उडत्या माशाची सर्वांत लांब चित्रित झेप ४५ सेकंदांची, २००८ मध्ये जपानजवळ. इंजिन कुठलं? तीच शेपूट!

👉 पुण्याच्या मुळा-मुठेतला महाशीर १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी जगापुढे आणला. हाच खवल्यांचा पहिलवान पुढे लोणावळ्याजवळ टाटा पॉवरच्या केंद्रात हजारोंनी जन्मला.

आता कामाची गोष्ट

हे सगळं वाचून मंगरूळच्या शेतकऱ्याला काय मिळालं? भरपूर! १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं. तेव्हापासून नदीत बीज शोधत फिरण्याची गरज उरली नाही. १० जुलै हा आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे. बीज मिळतं. प्रश्न असतो तो कोणत्या आकाराचं सोडायचं, याचा.

तळ्यात मरळ दबा धरून बसलेला असतो, वर बगळा आणि खंड्या. अशा वेळी मत्स्यजिरं काकवीत अडकल्यासारखं जागीच वळवळतं आणि गट्टम होतं. ८ ते १० सेंटिमीटरच्या बोटुकलीकडे, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाकडे, मात्र लांब फटका असतो, भरलेला पांढरा स्नायू असतो आणि ती सहजासहजी घासात मावतही नाही. लांबीच्या शर्यतीत चिमुकला जिंकतो खरा, पण मरळाच्या जबड्यातून सुटायला लांब्या कामाच्या नाहीत. तिथे सेंटिमीटरच मोजले जातात. म्हणूनच धरणात आणि मोठ्या तलावात बोटुकलीच सोडायचा सल्ला जाणकार देतात.

तेव्हा राजेहो, यंदा बीज घ्यायला जाल तेव्हा नुसता नगावर भाव करू नका. खिशात फूटपट्टी ठेवा, दहा-वीस बोटुकल्या मोजून बघा आणि आठ सेंटिमीटरच्या खालचा माल सरळ परत करा. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. मरळाला फुकट जेवण घालण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं!